हीला पेशी आणि न विचारलेला प्रश्न

आठवी-नववीच्या वर्गात आपण एक प्रयोग हमखास करतो. स्वच्छ दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, जे येईल ते काचपट्टीवर पसरायचे, मिथिलिन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि त्यांच्या मध्यभागी निळे केंद्रक दिसले की मुले एकमेकांना ढकलून पुढे येतात. तास संपतो, काचपट्ट्या धुतल्या जातात आणि पेशी नळाच्या पाण्याबरोबर वाहून जातात.

आता अशी कल्पना करा, की त्यातल्या एका मुलीच्या पेशी मेल्याच नाहीत. त्या काचेच्या नळीत वाढत राहिल्या. शेजारच्या शाळेने मागितल्या म्हणून थोड्या तिकडे दिल्या, तिथून त्या परगावी गेल्या, पुढे कोणीतरी त्या विकूही लागले. त्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले, औषधे पारखली गेली. एवढे सगळे झाले, पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी काही सांगितले नाही. मुलीचे काही बिघडले का? तिच्यावर अन्याय झाला का? झाला असेल, तर तो नेमका कोणता?

गालाच्या पेशी अशा वाढत नाहीत. पण बाकीची गोष्ट काल्पनिक नाही. ती १९५१ साली अमेरिकेत घडली.

बाल्टिमोर, १९५१

हेन्रिएटा लॅक्स या व्हर्जिनिया राज्यात तंबाखूच्या शेतांवर लहानाच्या मोठ्या झालेल्या कृष्णवर्णीय बाई. पाच मुलांची आई. अंगावरून अवेळी रक्त जाऊ लागले, पोटात गाठ जाणवू लागली, म्हणून १९५१ च्या सुरुवातीला त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्या. गरीब कृष्णवर्णीयांवर उपचार करणारी मोठी रुग्णालये तेव्हा फार थोडी होती. या रुग्णालयात उपचार मिळत, पण काळ्यांचे वॉर्ड गोऱ्यांपेक्षा वेगळे होते.

निदान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे उपचार रेडियमचे होते. शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली. भूल दिल्यानंतर, रेडियम बसवण्याआधी, शल्यचिकित्सकांनी ऊतीचे दोन छोटे तुकडे काढले : एक गाठीचा आणि एक जवळच्या निरोगी भागाचा. उपचारासाठी या तुकड्यांची गरज नव्हती. ते त्याच संस्थेतील डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेले. डॉ. गाय आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट अनेक वर्षे एकाच ध्यासात होते : माणसाच्या पेशी शरीराबाहेर कायम वाढत्या ठेवायच्या. कोंबडीच्या रक्तातील प्लाझ्मा, वासराच्या भ्रूणाचा अर्क, नाळेतील रक्त अशा नाना गोष्टींतून ते पेशींचे खाद्य बनवत. तरीही पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, मरत.

मदतनीस मुलीने नेहमीप्रमाणे नळ्यांवर रुग्णाच्या नावाची व आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे लिहिली. हेन्रिएटामधले ‘ही’ आणि लॅक्समधले ‘ला’ उच्चारून त्याचे ‘हीला’ झाले. निरोगी भागाच्या पेशी लवकरच मेल्या. गाठीच्या पेशी मात्र साधारण दर २४ तासांनी दुप्पट होत राहिल्या. डॉ. गाय यांनी त्यांचे पेटंट घेतले नाही. जो शास्त्रज्ञ मागेल त्याला ते नळ्या फुकट पाठवत गेले.

४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, हेन्रिएटा वारल्या. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांच्या पतीकडे शवविच्छेदनासाठी परवानगी मागितली. त्यांनी आधी नकार दिला, मग होकार दिला. इथे क्षणभर थांबू या. मृतदेहाला हात लावण्याआधी विचारणे कायद्याने बंधनकारक होते. जिवंत माणसाच्या शरीरातून संशोधनासाठी तुकडा घेताना विचारावे, असा नियम मात्र नव्हता.

या पेशी मरत का नाहीत?

आपल्या शरीरातील सर्वसाधारण पेशी प्रयोगशाळेत ४० ते ६० वेळा विभागल्या की थांबतात. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये हे दाखवून दिले. गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ नावाचा भाग असतो. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकचे टोपण असते, तसाच तो समजा. प्रत्येक विभाजनात हे टोपण थोडे झिजते आणि फार झिजले की पेशी विभागणे थांबवते. हीला पेशींमध्ये टेलोमरेज नावाचे विकर हे टोपण पुन:पुन्हा भरून काढते.

आणखी एक कारण आहे. हेन्रिएटा यांना मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८ व्या प्रकाराचा संसर्ग झाला होता. पेशीमध्ये अनिर्बंध वाढीला आवर घालणारी काही प्रथिने असतात. त्यांना पेशीचे ब्रेक म्हणता येईल. या विषाणूची दोन प्रथिने नेमके हेच ब्रेक निकामी करतात. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हीला पेशींत ती साधारण ७० ते ९० भरतात.

या पेशींमुळे काय साधले, याची यादी मोठी आहे. एक उदाहरण घेऊ. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची प्रचंड मोठी चाचणी झाली. लस टोचलेल्या मुलांच्या रक्तात विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे तयार झाली का, हे तपासण्यासाठी पेशींचा मोठा पुरवठा हवा होता. माकडांच्या पेशी महाग पडत. म्हणून टस्कीगी येथील संस्थेत हीला पेशींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. (पोलिओची लस हीला पेशींत बनवली, असे कधी कधी वाचायला मिळते, ते बरोबर नाही. लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत बनली, तपासणीला हीला पेशी वापरल्या.) पुढे कर्करोग, विषाणू, किरणोत्सर्ग, औषधांचे विषारी परिणाम अशा असंख्य विषयांवर काम झाले. हीला पेशी वापरलेल्या शोधनिबंधांची संख्या आता एक लाखाच्या पुढे गेली आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ हे प्रकार शोधले. पैकी १८ वा प्रकार त्यांच्या गटाला हीला पेशींतही सापडला. त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच ज्ञानातून या कर्करोगावरच्या प्रतिबंधक लशी आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि तिच्यातही १८ वा प्रकार आहे. हेन्रिएटा यांना ज्या विषाणूने मारले, त्याच्यापासूनचे संरक्षण आज आपल्या शाळेतील मुलींना मिळू शकते. म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. लाभ खरा आहे आणि तो आपल्या दारापर्यंत आला आहे.

घरच्यांना काय माहीत होते?

वीस वर्षे काहीही नाही. वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत या पेशी ‘हेलेन लेन’ नावाच्या स्त्रीच्या म्हणून सांगितल्या जात. खरे नाव वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले ते १९७१ मध्ये. दरम्यान एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. हीला पेशी इतक्या चिवट, की हातमोज्यावरून किंवा पिपेटमधून त्या दुसऱ्या पेशींच्या बाटलीत शिरत आणि मूळ पेशींना हटवून स्वतःच वाढत. आपण यकृताच्या किंवा आतड्याच्या पेशींवर काम करत आहोत, असे समजणारे कित्येक संशोधक प्रत्यक्षात हीला पेशींवरच काम करत होते. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी हे उघड केले.

आता हीला पेशी ओळखायच्या कशा? त्यासाठी कुटुंबीयांच्या रक्तातील आनुवंशिक खुणा हव्या होत्या. म्हणून १९७३ मध्ये संशोधक लॅक्स कुटुंबाकडे रक्त घ्यायला गेले. घरच्यांचा समज झाला की आईला झालेला कर्करोग आपल्यालाही आहे का, याची तपासणी चालली आहे. ते निकालाची वाट पाहत राहिले. निकाल आला नाही, कारण तशी तपासणी नव्हतीच. आईच्या पेशी जगभर वाढवल्या जातात, विकल्याही जातात, हे त्यांना याच सुमारास कळले. त्यांच्यापैकी काहींना मात्र स्वतःच्या औषधोपचाराचा खर्चही झेपत नव्हता.

हेतू वाईट नव्हता, मग चुकले काय?

डॉ. गाय यांनी पैसा कमावला नाही. त्यांनी कायदा मोडला नाही. रुग्णांचे नमुने न विचारता वापरणे हा तेव्हाचा शिरस्ताच होता. तुकडा घेतल्यामुळे हेन्रिएटा यांचा आजार वाढला, असेही नाही. मग अन्याय कुठे आहे?

माझे उत्तर असे आहे : त्यांच्याकडून तुकडा घेतला गेला, तसाच निर्णयही घेतला गेला. विचारले असते तर कदाचित त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या. पण तो होकार त्यांचा झाला असता, त्यांनी जगाला दिलेले दान झाला असता. न विचारता घेतलेल्या वस्तूला नंतर दान म्हणता येत नाही. पुढे किती लाभ झाला, यावरून आधी न विचारणे योग्य ठरत नाही. कारण घेतेवेळी लाभ होणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसरे असे, की न विचारण्याची सवय एका जागी थांबत नाही. न्यूयॉर्कचे कर्करोगतज्ज्ञ चेस्टर साउदम यांनी १९५४ पासून काही रुग्णांना हीला पेशी टोचल्या. पेशी कर्करोगाच्या आहेत, हे त्यांनी रुग्णांना सांगितले नाही. १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात २२ वृद्ध, आजारी रुग्णांना जिवंत कर्करोग-पेशी टोचण्यात आल्या. कर्करोग हा शब्द ऐकून रुग्ण उगाच घाबरतील, असे समर्थन देण्यात आले. तिथल्या तीन तरुण डॉक्टरांनी या कामात भाग घ्यायला नकार दिला, म्हणून प्रकरण बाहेर आले. माणसावरच्या प्रयोगात त्याची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे, असे न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्येच सांगितले होते. पण ते आपल्यासाठी नाही, असे सज्जन डॉक्टरांनाही वाटत होते.

पेशींची मालकी कोणाची?

१९७६ मध्ये जॉन मूर नावाच्या रुग्णाची प्लीहा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना एका विरळ प्रकारचा रक्ताचा कर्करोग होता आणि शस्त्रक्रिया गरजेचीच होती. त्यानंतर सात वर्षे डॉक्टर त्यांना तपासणीसाठी दूरच्या सिअॅटल शहरातून बोलावत आणि रक्त, अस्थिमज्जा वगैरे नमुने घेत. १९८३ मध्ये त्यांच्यापुढे एक कागद आला. आपल्या पेशींपासून जे काही तयार होईल त्यावरचे हक्क मी सोडतो किंवा सोडत नाही, यांपैकी एकावर खूण करायची होती. मूर यांनी ‘सोडत नाही’वर खूण केली. त्यांना शंका आली, त्यांनी वकील गाठला. डॉक्टरांनी त्यांच्या पेशींपासून ‘मो’ नावाचा पेशीवंश तयार केला होता आणि १९८४ मध्ये त्याचे पेटंटही मंजूर झाले.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिलेला निकाल विद्यार्थ्यांशी चर्चा करण्याजोगा आहे. शरीरातून काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी राहते, हे न्यायालयाने मान्य केले नाही. मालकी मानली तर प्रत्येक नमुन्यामागे खटले होतील आणि संशोधन अडेल, असे त्याचे म्हणणे होते. पण डॉक्टरने आपले संशोधनातले व पैशाचे हितसंबंध रुग्णाला आधी सांगायलाच हवेत, हेही न्यायालयाने तितकेच स्पष्टपणे सांगितले. म्हणजे मालकीचा मुद्दा मूर हरले, पण सांगण्याच्या आणि विचारण्याच्या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे टिकले.

नाव पुसले की झाले?

पुष्कळ संशोधक म्हणतात, नमुन्यावरचे नाव काढून टाकले की रुग्णाचा संबंध संपला. अमेरिकेत आजही ओळख काढून टाकलेल्या नमुन्यांवरील संशोधनाला बहुतेक वेळा संमती लागत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. विकृतिशास्त्र विभागांत मेणाच्या ठोकळ्यांत जपलेले हजारो जुने नमुने असतात. त्यातले कित्येक रुग्ण वारलेले, कित्येकांचे पत्ते बदललेले. प्रत्येकाला शोधून विचारायचे ठरवले, तर ज्या अभ्यासाने उद्याच्या रुग्णाचा जीव वाचेल तो होणारच नाही.

पण पेशीत डीएनए असतो, आणि डीएनए ही एक प्रकारे त्या माणसाची न पुसता येणारी सही आहे. शिवाय ती एकट्याची नसते. आईचा निम्मा जनुकसंच प्रत्येक मुलात असतो. मार्च २०१३ मध्ये युरोपातील एका प्रयोगशाळेने हीला पेशींचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला, तेव्हा हेन्रिएटा यांची नातवंडे हयात होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. आक्षेप आल्यावर तो मागे घेण्यात आला. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी कुटुंबाशी करार केला. आता ही माहिती हवी असेल तर अर्ज करावा लागतो आणि अर्ज तपासणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबातील व्यक्ती असतात. संशोधन थांबले नाही. विचारून ते चालू राहिले.

संमती होती, पण वेगळ्याच कामासाठी, असेही घडते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी जमातीत मधुमेह फार आहे. १९९० पासून अॅरिझोनातील विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, असा लोकांचा समज होता. पुढे त्याच रक्तावर मनोविकार, आप्तविवाह आणि जमातीचे मूळ स्थलांतर यांचा अभ्यास झाला. आपण याच दरीत जन्मलो, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. २०१० मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

आपल्याकडे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००० मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये ती नव्याने विस्ताराने लिहिली. त्यानुसार संमतीची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. नमुना साठवून पुढे दुसऱ्या कामासाठी वापरायचा असेल तर तेही विचारावे लागते. उरलेल्या, ओळख काढलेल्या नमुन्यांसाठी संमतीतून सूट मिळू शकते, पण ती नैतिकता समितीने द्यायची असते, संशोधकाने स्वतःला नाही. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या कामात आपणच न्यायाधीश होऊ नये.

नियम चांगले आहेत, पण कागदावर. मी पीएच.डी. करत असताना ‘हीला म्हणजे हेलेन लेन’ असेच शिकले आणि कित्येक वर्षे ते लाल द्रावणाच्या बाटल्या हाताळत राहिले. त्याच काळात एका रुग्णालयात मी रक्ताचे नमुने गोळा करायला जात असे. संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत. खेड्यातून आलेल्या एका आजींनी अंगठा उठवला आणि मला विचारले, “ताई, एवढं रक्त नेऊन काय करणार?” मला घाई होती. मी म्हणाले, “तपासणीला नेतेय, आजी.” दुसऱ्या दिवशी मला पाहताच त्यांनी विचारले, “रिपोर्ट आला का गं?” रिपोर्ट येणारच नव्हता. ते रक्त त्यांच्यासाठी घेतलेच नव्हते. लॅक्स कुटुंबाविषयी मी पुष्कळ नंतर वाचले, तेव्हा मला त्या आजी आठवल्या. अंगठा होता, कागद होता, फाइल पूर्ण होती. संमती मात्र नव्हती.

वर्गात काय करता येईल?

हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. शाळेत रक्तगट तपासणीचे शिबिर होते आणि यादी सूचनाफलकावर लागते. ‘घरच्यांचे रक्तगट लिहून आणा आणि आनुवंशिकता तपासा’ असा गृहपाठ दिला जातो. एखाद्या मुलाचा गट ए-बी आणि वडिलांचा ओ निघाला, तर भर वर्गात काय होईल? पुस्तकी नियमाने हे शक्य नाही. पण मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये शोधलेला ‘बॉम्बे रक्तगट’ साध्या चाचणीत ओ असाच दिसतो आणि अशा वडिलांच्या मुलाचा गट ए-बी असू शकतो. वर्गातल्या अर्धवट निष्कर्षाने एखादे घर हादरू शकते. अशा प्रयोगासाठी काल्पनिक कुटुंबांचे तक्ते पुरेसे असतात.

२०१७ च्या तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाला संशोधनात घेताना पालकांच्या संमतीबरोबर त्याचा स्वतःचा होकारही लागतो. वर्गातला प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे. तरी तोच शिष्टाचार आपण पाळू शकतो. गालाच्या पेशींच्या तासाला आधी सांगा : काय घेणार, कशासाठी, नंतर त्याचे काय करणार. मग विचारा, कोण द्यायला तयार आहे? नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, त्याला कांद्याच्या सालीची काचपट्टी बनवू द्या. पाच मिनिटे जास्त लागतील.

त्या वर्गातली एखादी मुलगी उद्या डॉक्टर होईल, एखादा मुलगा प्रयोगशाळेत जाईल. त्यांच्यासमोर एखाद्या आजी अंगठा उठवायला बसतील आणि विचारतील, “एवढं रक्त नेऊन काय करणार?” तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून बसावे आणि सगळे नीट सांगावे.